पहिला स्वाध्याय पाठवेपर्यंत आणि त्यानंतर : घरी राहून शिकणाऱ्या प्रौढांसाठी मार्गदर्शन

१७२८ साली बोस्टनमधील एका वृत्तपत्रात केलेब फिलिप्स या शिक्षकाने जाहिरात दिली होती, की ज्यांना लघुलिपी शिकायची आहे त्यांना दर आठवड्याला पाठ टपालाने पाठवले जातील. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८४० मध्ये, इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनीही लघुलिपीच टपालाने शिकवायला घेतली. त्याच वर्षी तेथे एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली होती. दोघांचा विषय एकच होता आणि साधनही एकच होते. पिटमन यांचे विद्यार्थी मात्र उतारे लघुलिपीत लिहून परत पाठवत आणि ते उतारे तपासून, चुका दाखवून, पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती येत. फिलिप्स यांच्या जाहिरातीत पाठ जाण्याचा उल्लेख आहे. उत्तर परत येण्याचा नाही.

घरी राहून शिकू इच्छिणाऱ्या प्रौढ व्यक्तीने सर्वप्रथम हा फरक समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पाठ आता टपालाच्या पाकिटातून येवोत किंवा संगणकाच्या पडद्यावर, कागद जाण्यायेण्याचा हा क्रम जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत अभ्यासक्रम जिवंत राहतो. तो थांबला की घरात उरतो तो केवळ पुस्तकांचा गठ्ठा. म्हणून पुढील प्रत्येक पायरी, मग ती संस्था निवडण्याची असो, वेळापत्रकाची असो की वाचनाच्या पद्धतीची, या एका कसोटीवर पारखून मांडली आहे : यामुळे आपला लेखी अभ्यास वेळेवर जाईल का आणि तपासून परत आलेल्या अभ्यासाचा आपल्याला उपयोग होईल का?

हेतू एका वाक्यात लिहून काढणे

माहितीपत्रके मागवण्याआधी एक वाक्य कागदावर लिहावे. ‘हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मला अमुक करता येईल’ किंवा ‘हे प्रमाणपत्र मी अमुक ठिकाणी दाखवणार आहे’ असे ते स्पष्ट असावे. ‘ज्ञान वाढवायचे आहे’ हे वाक्य चुकीचे नाही. पण त्यावरून दोन अभ्यासक्रमांतून एकाची निवड करता येत नाही. नोकरीतील बढती, राहून गेलेली शालेय परीक्षा, नवा व्यवसाय, एखादी भाषा किंवा निव्वळ आवड यांपैकी हेतू कोणता, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आवडीसाठी शिकणाऱ्याला मान्यतेची चिंता करण्याचे कारण नाही. त्याने चांगल्या शिक्षकाचा आणि चांगल्या पुस्तकांचा शोध घ्यावा. ज्याला प्रमाणपत्र दाखवायचे आहे, त्याने मात्र ते जेथे दाखवायचे आहे त्या कार्यालयाला, मालकाला किंवा महाविद्यालयाला आधीच विचारावे, की या संस्थेचे, या पद्धतीने घेतलेले, या नावाचे प्रमाणपत्र स्वीकारले जाते का. हे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी मिळालेला होकार दोन वर्षांनी, माणसे बदलल्यावर, उपयोगी पडत नाही.

संस्थेची पारख

पत्रद्वारा शिक्षणाला फार प्रतिष्ठित परंपरा आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा महाविद्यालयात न आलेल्यांसाठीही खुल्या केल्या. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ मध्ये झाली आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी पूर्वपात्रतेच्या अटीशिवाय शिकू लागले. परंतु याच परंपरेच्या आडोशाला केवळ प्रमाणपत्रे विकणारेही नेहमीच राहिले आहेत. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पडताळून पाहाव्यात आणि त्यात संकोच करू नये.

मान्यतेचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बारकाव्याचा असतो. संस्थेला मान्यता असणे, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता असणे आणि तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवण्याची परवानगी असणे या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत, आणि जाहिरातीत अनेकदा पहिलीच मोठ्या अक्षरांत छापलेली असते. मान्यता देणाऱ्या मंडळाची यादी त्या मंडळाकडूनच पाहावी. संस्थेने पाठवलेल्या छायाप्रतीवर किंवा संस्थेने दिलेल्या दुव्यावर विसंबू नये, कारण नामांकित मंडळाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन स्वतःच स्वतःला मान्यता देणारी मंडळेही उभी केली जातात. मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे हेही पाहावे, कारण आपले शिक्षण पूर्ण होण्याआधीच ती संपू शकते. निव्वळ अनुभवाच्या आधारे पदवी देऊ करणे, नेहमीच्या मुदतीपेक्षा फारच कमी काळात पदवीचे आश्वासन देणे, ‘आजच पूर्ण रक्कम भरल्यास सवलत’ असा आग्रह धरणे आणि पत्ता किंवा शिक्षकांची नावे न देणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तेथून मागे फिरावे.

त्यानंतर संस्थेला एक पत्र लिहावे. स्वाध्याय कोण तपासते? ते किती दिवसांत परत मिळतात? तपासणीत फक्त गुण दिले जातात की शेरेही लिहिले जातात? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? शंका विचारण्याची सोय कोणती? परीक्षा कोठे आणि वर्षातून किती वेळा होते? नोंदणी किती वर्षे वैध राहते आणि मध्येच थांबावे लागल्यास काय होते? परीक्षाशुल्क, फेरपरीक्षेचे शुल्क, पुस्तके, टपालखर्च आणि प्रात्यक्षिकांचा प्रवास धरून एकूण खर्च किती होतो? प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळते? शेवटी एका घटकाची नमुना पुस्तिका आणि तपासलेल्या स्वाध्यायाचा एक नमुना पाठवण्याची विनंती करावी.

या पत्राचे उत्तर किती दिवसांत आले आणि त्यात प्रश्नांची उत्तरे आहेत की पुन्हा तेच माहितीपत्रक आहे, हे नीट पाहावे. प्रवेश घेण्यापूर्वी जी संस्था तीन आठवडे गप्प राहते, ती शुल्क भरल्यानंतर अधिक तत्परतेने बोलेल असे मानण्यास काही आधार नसतो. मी स्वतः तरुणपणी एका संस्थेत अशी विचारपूस न करता नाव घातले होते. पुस्तके उत्तम होती. पण पहिला स्वाध्याय परत आला तो पाच महिन्यांनी, एका कोपऱ्यात गुण आणि सही एवढेच घेऊन. तोपर्यंत मी दुसरा लिहायचा थांबलो होतो. त्या पुस्तकांविषयी आजही मला आदर आहे. चूक झाली ती निवड करताना केवळ पुस्तकांकडे पाहिल्याची.

नमुना पुस्तिकेची परीक्षा अर्ध्या तासात होते. तिच्यात घटकाच्या आरंभी उद्दिष्टे दिलेली आहेत का, मध्ये मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे आहेत का, आणि लेखक वाचकाशी बोलतो आहे असे वाटते का, ते पाहावे. दूरशिक्षणाचे अभ्यासक बोर्जे होल्मबर्ग यांनी चांगल्या पाठाचे स्वरूप मार्गदर्शनपर संभाषणासारखे असावे, असे मांडले आहे. मायकेल मूर यांनी तर असे दाखवून दिले, की शिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती आहे आणि अभ्यासक्रमाची रचना किती ताठर किंवा लवचिक आहे, यावर ते ठरते. शेजारच्या इमारतीतील संस्थाही या अर्थाने दूर असू शकते.

तासांचा हिशोब

प्रवेश घेताना उत्साहाच्या भरात जी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते ती म्हणजे साधा गुणाकार. बहुतेक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत अभ्यासाचा भार श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) दिलेला असतो आणि प्रत्येक श्रेयांकामागे तासांचा अंदाज असतो. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तास धरतात, ब्रिटनच्या पद्धतीत १० तास, तर भारतातील मुक्त विद्यापीठांत साधारणपणे ३० तास. म्हणजे युरोपीय पद्धतीतील ६० श्रेयांकांचे पूर्ण वर्ष १५०० ते १८०० तासांचे होते. हे तास ४० आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ३७ ते ४५ तास पडतात, आणि ती जवळजवळ दुसरी नोकरीच होते. नोकरी आणि घर सांभाळून हे जमणार नाही, हे प्रवेशापूर्वी कळणे चांगले. मग तोच अभ्यासक्रम तीन वर्षांत विभागून आठवड्याला १२ ते १५ तासांवर आणता येतो.

आपल्याजवळ खरोखर किती तास आहेत हे अंदाजाने ठरवू नये. एक संपूर्ण आठवडा, काहीही न बदलता, दर दोन तासांनी आपण काय करत होतो याची नोंद ठेवावी. आठवड्याच्या शेवटी जे मोकळे तास दिसतील त्यांच्या दोन तृतीयांशच अभ्यासासाठी धरावेत, कारण आजारपण, पाहुणे, कामाचा ताण आणि साधा थकवा यांना त्यांचा वाटा द्यावाच लागतो. रात्रपाळी करणाऱ्याने किंवा लहान मूल असलेल्या पालकाने रोजचा ठरावीक तास धरण्याऐवजी आठवड्याचा एकूण आकडा धरावा; त्यामुळे एखादा दिवस चुकला म्हणून सारे बिघडल्याची भावना होत नाही. तरुण विद्यार्थ्यापेक्षा आपल्याला वाचायला अधिक वेळ लागेल हेही गृहीत धरावे. अनेक वर्षांनंतर पुस्तक हाती घेतलेल्या माणसाची वाचनाची आणि लिहिण्याची गती काही आठवड्यांत परत येते, पण ते पहिले आठवडे जड जातात आणि त्यांवरून स्वतःची कुवत ठरवू नये. डोळ्यांची तपासणी प्रवेशाआधीच करून घ्यावी. डोकेदुखीला अनेकजण अभ्यासाचा कंटाळा समजतात.

घर आणि घरातील माणसे

जागेविषयी फार सांगण्यासारखे नाही. स्वतंत्र खोली असली तर उत्तम. नसली तरी एक पेटी किंवा पिशवी असावी, जिच्यात सर्व साहित्य एकत्र राहील आणि जी उघडली की अभ्यास सुरू होईल. प्रकाश चांगला असावा आणि दूरध्वनी दुसऱ्या खोलीत असावा.

माणसांविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण प्रौढ विद्यार्थ्याचा अभ्यास कधीच एकट्याचा नसतो. तो दारामागे बसून वाचतो तेव्हा घरातील कोणीतरी त्याचे काम उचललेले असते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी घरातील सर्वांसमोर तीन गोष्टी मोकळेपणाने मांडाव्यात : हे किती महिने चालेल, आठवड्यातील कोणते तास मी मिळणार नाही, आणि त्या तासांतील माझी कोणती कामे कोण करील. ‘मला पाठिंबा हवा आहे’ हे मागणे फार मोघम असते. ‘बुधवारी आणि शनिवारी रात्री साडेआठ ते साडेदहा मुलांना तू झोपव’ हे नेमके असते, आणि नेमके मागणे पूर्ण करणेही सोपे जाते. स्वाध्याय पाठवण्याच्या तारखा घरात सर्वांना दिसतील अशा जागी लावाव्यात. अभ्यासाच्या तासाखेरीज घरच्यांसाठी राखलेला वेळ तितक्याच निष्ठेने पाळावा, अन्यथा काही महिन्यांत पुस्तकांविषयीच घरात कटुता येऊ लागते.

साहित्य हाती आल्यावरची पहिली संध्याकाळ

पाकीट उघडताच पहिल्या घटकाचे पहिले पान वाचायला घेणे ही स्वाभाविक गोष्ट आहे, ती टाळावी. त्या संध्याकाळी सर्व साहित्य पसरून यादीशी ताडून पाहावे आणि काही कमी असल्यास लगेच कळवावे. मग सर्व स्वाध्यायांचे प्रश्न आधी वाचावेत. ते समजणार नाहीत, समजण्याची अपेक्षाही नाही. पण पुढे वाचताना कोणत्या गोष्टीपाशी थांबायचे हे मनात नोंदले जाते. त्यानंतर दिनदर्शिका घेऊन उलट्या क्रमाने मांडणी करावी. परीक्षेची तारीख, त्याआधी उजळणीचे चार आठवडे, त्याआधी शेवटचा स्वाध्याय, असे मागे मागे येत आजपर्यंत पोहोचावे. प्रत्येक स्वाध्यायासाठी संस्थेच्या तारखेच्या दहा दिवस आधीची आपली स्वतःची तारीख ठरवावी.

शेवटी पहिल्या आठवड्याच्या बैठका ठरवाव्यात आणि त्या ‘रोज थोडा अभ्यास करीन’ अशा शब्दांत लिहू नयेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून असे दिसले आहे, की ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात केलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पाळला जातो. ‘रात्रीची भांडी आवरून झाली की मी स्वयंपाकघरातील टेबलावर पुस्तिका उघडीन आणि दुसऱ्या घटकातील पहिला प्रश्न सोडवीन’ एवढे तपशीलवार वाक्य असावे.

एका बैठकीचा अभ्यास

शाळेत लागलेल्या सवयीने बहुतेक प्रौढ विद्यार्थी पुन्हा पुन्हा वाचतात आणि वाक्यांखाली रेघा मारतात. हा मार्ग कष्टाचा वाटतो, म्हणून फलदायीही वाटतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पुनर्वाचन आणि रेघा मारणे या दोन्हींना कमी उपयुक्ततेच्या गटात ठेवावे लागले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काळात विखरून करणे या दोनच पद्धती वरच्या गटात बसल्या.

यामागचे कारण २००६ मधील रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगातून नीट समजते. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत पुस्तकाविना आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत केवळ वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर हे चित्र उलटले : वाचणाऱ्यांना ४० टक्केच भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. घरी एकट्याने शिकणाऱ्याला हा प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे, कारण वर्गात शिक्षक अधूनमधून प्रश्न विचारून हे काम नकळत करून घेतात, तर घरी पुस्तक मिटायला सांगणारे कोणी नसते, आणि नुकत्याच वाचलेल्या पानाची ओळख म्हणजेच ज्ञान असा समज सहज होतो.

म्हणून साधारण पाऊण तासाची बैठक पुढीलप्रमाणे करावी. आरंभीची पाच मिनिटे मागील बैठकीतील मुद्दे कोऱ्या कागदावर आठवून लिहावेत आणि मगच पुस्तक उघडावे. नवीन भागाचे मथळे पाहून त्यांचे प्रश्न करावेत. ‘रक्ताभिसरण’ असे शीर्षक असेल तर ‘रक्त हृदयातून निघून पुन्हा तेथे कसे येते?’ असा प्रश्न समासात लिहावा. तीन-चार पाने वाचावीत, पुस्तिका मिटावी आणि प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे. मग ताडून पाहावे आणि राहिलेला मुद्दा वेगळ्या शाईने भरावा. ही दुसरी शाई पुढील उजळणीत आपली दुबळी जागा आपोआप दाखवते. बैठक संपवताना पुढील वेळी नेमके कोठून सुरुवात करायची ते एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे दोन दिवसांनी थकून बसल्यावर विचार करण्यात वेळ जात नाही.

गणित, हिशेबशास्त्र किंवा तांत्रिक विषय असेल तर वाचनाचे प्रमाण आणखी कमी करावे. सोडवून दाखवलेले उदाहरण प्रथम पायरीपायरीने समजून घ्यावे, मग झाकून स्वतः सोडवावे, आणि सराव करताना एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकारांची उदाहरणे मिसळावीत; कोणती रीत कोठे लावायची हे ओळखणे हाच परीक्षेतील अवघड भाग असतो.

विस्मरणाची गती मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून मोजली आणि १८८५ मध्ये मांडली होती, आणि सुरुवातीला विसरणे सर्वांत वेगाने होते हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अशी प्रत्येक घटकाची आठवण करून पाहावी. एका बैठकीचे दोन तास तीन दिवसांत विभागले तर एकूण वेळ तोच लागतो आणि टिकते अधिक.

आपल्या मातृभाषेत नसलेला अभ्यासक्रम घेतला असेल, तर पहिल्या दिवसापासून पारिभाषिक शब्दांची वही ठेवावी. तिच्यात शब्द, आपल्या भाषेतील साधा अर्थ आणि पुस्तिकेतील एक पूर्ण वाक्य असावे. प्रत्येक अनोळखी शब्द शोधत बसू नये. जो तीनदा आला तो शोधावा.

पहिला स्वाध्याय

माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत महत्त्वाचा दिवस म्हणजे पहिला स्वाध्याय पाठवण्याचा दिवस. प्रौढ व्यक्ती आपल्या कामात तरबेज असते, घरात तिच्या शब्दाला मान असतो. अशा व्यक्तीला वीस वर्षांनी पुन्हा कोणाकडून तरी तपासून घ्यायचे, ही कल्पनाच जड वाटते. मग ‘अजून एक पुस्तक वाचतो आणि लिहितो’, ‘हे उत्तर नीट झालेले नाही’ अशा कारणांनी कागद टेबलावरच राहतो. परिपूर्ण उत्तर लिहिण्याच्या इच्छेमागे पुष्कळदा ही भीतीच असते, आणि तिच्याविषयी कोणीही लाज बाळगू नये.

उपाय म्हणजे पहिला स्वाध्याय ठरलेल्या तारखेला, असेल तसा, पाठवणे. त्यासाठी प्रश्नातील क्रियापदाकडे प्रथम लक्ष द्यावे. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘कारणे द्या’ आणि ‘मूल्यमापन करा’ या चार वेगळ्या मागण्या आहेत, आणि वर्णनात्मक उत्तर कितीही सुंदर असले तरी तुलनेच्या प्रश्नाला त्याला गुण मिळत नाहीत. मग पुस्तिका मिटून दहा मिनिटांत मुद्द्यांचा आराखडा करावा, त्यावरून एका बैठकीत कच्चे उत्तर लिहावे, एक दिवस मध्ये जाऊ द्यावा आणि तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून दुरुस्त करावे. शब्दमर्यादा पाळावी. दुसऱ्याचे वाक्य घेतले असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे, कारण अनवधानाने केलेली उचलही उचलच ठरते. यंत्राकडून तयार करून घेतलेले उत्तर पाठवले, तर शिक्षक जे तपासतील त्यात आपण नसूच. पाठवण्यापूर्वी प्रत काढून ठेवावी आणि पोहोच जपून ठेवावी.

उत्तरासोबत, नियमांत बसत असल्यास, शिक्षकांसाठी चार ओळींचे टिपण जोडावे : ‘दुसऱ्या प्रश्नातील तिसरा मुद्दा मला पटला आहे, पण समजला आहे की नाही याची खात्री नाही, कृपया तेथे विशेष लक्ष द्यावे.’ असे टिपण वाचणाऱ्या शिक्षकाला समोर एक माणूस दिसतो, आणि शेरे अधिक नेमके येतात. १८७३ मध्ये ॲना टिकनॉर यांनी बोस्टनमध्ये घरी शिकणाऱ्या स्त्रियांसाठी संस्था काढली. ती १८९७ पर्यंत चालली आणि तिचा कणा म्हणजे शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यातील दरमहाचा पत्रव्यवहार होता. महाविद्यालयांची दारे बहुतांश बंद असलेल्या त्या काळात हजारो स्त्रियांनी या पत्रांच्या आधाराने इतिहास, विज्ञान, कला आणि साहित्य यांचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या चार ओळी त्याच परंपरेतल्या आहेत.

तपासून आलेल्या स्वाध्यायाचे वाचन दोनदा करावे. पहिल्या दिवशी गुण पाहावेत, वाईट वाटले तर वाटू द्यावे आणि कागद बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी फक्त शेरे वाचावेत आणि प्रत्येक चूक तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे ते वहीत लिहावे : माहितीच नव्हती, माहिती होती पण प्रश्न नीट वाचला नाही, की कळले होते पण मांडता आले नाही. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलीसाठी पुस्तिकेकडे परत जायचे, दुसरीसाठी प्रश्नाखाली रेघ मारून उत्तर लिहायची सवय लावायची, आणि तिसरीसाठी त्या उत्तरातील सर्वांत कच्चा परिच्छेद पुन्हा लिहायचा. संपूर्ण उत्तर पुन्हा लिहिण्याची गरज नाही. एकच परिच्छेद, पण तो शेऱ्यांकडे पाहत, सावकाश लिहावा.

अडल्यावर विचारायचे कसे

‘चौथा घटक समजला नाही’ असे लिहिल्यास शिक्षकाला उत्तर देता येत नाही. पृष्ठ आणि परिच्छेद सांगावा, आपल्याला जेवढे समजले तेवढे आपल्या शब्दांत लिहावे, आणि नेमके कोठे अडले ते विचारावे. हे लिहिता लिहिता अनेकदा उत्तर आपल्यालाच सापडते. अर्धा तास प्रामाणिक प्रयत्न करूनही अडले असेल तर खूण करून पुढे जावे. एका कूटप्रश्नापाशी दोन आठवडे थांबणे महागात पडते. संपर्कसत्रे, म्हणजे शिक्षकांना समोरासमोर भेटण्याचे वर्ग, असतील तर त्यांना शक्यतो जावेच, आणि तेथे भेटलेल्या निदान एका सहविद्यार्थ्याशी आठवड्यातून एकदा बोलण्याचे ठरवावे.

मागे पडल्यानंतर

आजारपण येते, घरात कोणी दगावते, कामाची जागा बदलते, आणि दोन महिन्यांचा अभ्यास राहतो. अशा वेळी राहिलेले सर्व काही पहिल्या पानापासून भरून काढण्याचा संकल्प करू नये, कारण तो तिसऱ्या दिवशी मोडतो आणि संकोच वाढतो. प्रथम शिक्षकांना पत्र लिहून खरी परिस्थिती कळवावी आणि मुदतवाढीविषयी किंवा परीक्षा पुढच्या खेपेस देण्याविषयी नियम विचारावेत. मुदत संपण्यापूर्वी केलेल्या विनंतीला वाव असतो, नंतर केलेल्या विनंतीला तो फारच थोडा उरतो. मग सर्वांत जवळच्या स्वाध्यायाला जेवढे लागते तेवढेच घटक वाचावेत, तो पाठवावा आणि उरलेले घटक उजळणीच्या आठवड्यांत बसवावेत.

थांबणे आणि सोडणे यांत फरक आहे. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनी कायद्याचा अभ्यास तरुणपणी सुरू केला होता. तुरुंगातही त्यांनी तो पत्रद्वारा चालू ठेवला आणि दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांना १९८९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, बंदिवासातच मिळाली. इतका विलंब कोणाच्या वाट्याला येऊ नये. परंतु दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोंदणी करणाऱ्याने स्वतःला अपयशी समजण्याचे काहीही कारण नाही.

परीक्षा आणि त्यानंतरचे कागद

घरी शिकणाऱ्याला परीक्षेत ज्ञानापेक्षा हात अधिक दगा देतो. अनेक वर्षे सही करण्यापलीकडे पेन न धरलेल्या माणसाला सलग तीन तास लिहिणे जमत नाही. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून हाताने उत्तर लिहावे. आधी अर्धा तास, मग एक, आणि शेवटी मागील वर्षाची संपूर्ण प्रश्नपत्रिका, मध्ये न उठता. परीक्षा संगणकावर असेल तर तेवढाच सराव टंकलेखनाचा आणि त्या यंत्रणेचा करावा. परीक्षाकेंद्र आधी एकदा पाहून यावे आणि ओळखपत्रावरील नाव प्रवेशपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का ते तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याच ठिकाणी अडचण येते. दुरुस्तीसाठी अर्ज, जुन्या आणि नव्या नावाचा पुरावा जोडून, किमान एक महिना आधी करावा.

निकालानंतर गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र हाती येताच नाव, अभ्यासक्रमाचे शीर्षक, वर्ष आणि श्रेयांक तपासावेत आणि चूक असल्यास त्याच आठवड्यात कळवावे. पुढील शिक्षणासाठी श्रेयांक हस्तांतरित करायचे असतील तर अभ्यासक्रमाचा तपशीलवार आराखडा मागितला जातो, म्हणून तो प्रमाणपत्रासोबतच ठेवावा. शिक्षकांचे शेरे असलेले सर्व स्वाध्याय मात्र वेगळ्या पाकिटात, तारखांच्या क्रमाने, जपून ठेवावेत; पुढचा अभ्यासक्रम सुरू करताना पहिल्या संध्याकाळी तेच आधी वाचायचे आहेत.